कढई घेऊन दुकानात

‘‘दिवसातून किती वेळ हात पाण्यात असतात तुमचे?’’ त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, तेव्हा मी आधी हसलेच. म्हटलं, ‘‘डॉक्टर, पाण्याबाहेर किती वेळ असतात ते विचारा!’’

त्या काही हसल्या नाहीत. माझ्या उजव्या हाताची तर्जनी त्यांनी दिव्याखाली धरली आणि नुसतीच मान हलवली. बोटांच्या पेरांवर उभ्या-आडव्या चिरा, अंगठ्याची कातडी सोललेली. लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं, मीठ हातात घेताना जीव जायचा. पण मी डॉक्टरकडे गेले होते ते या कशामुळेच नाही. ऑफिसात हजेरीचं यंत्र बसवलंय, त्यावर बोट टेकवावं लागतं. माझं बोट ते यंत्र ओळखेनासंच झालं. वेळेत पोचूनही महिन्यातून चार-पाच लेटमार्क! शेवटी आमच्या साहेबांनी सांगितलं, ‘‘मॅडम, हाताचं काहीतरी करा.’’

मलम मिळालं, गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला, ‘‘साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही. आतून सुती हातमोजे, वरून रबरी. आणि भांडी दुसऱ्या कुणाला तरी घासू देत.’’

मैत्रिणींनो, हे ‘दुसरं कुणी तरी’ आपल्या घरात कुठे असतं हो?

आमचं घर डोंबिवलीत, जुन्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरात आम्ही पाच जण. सासूबाई, हे, मी, कॉलेजात जाणारी लेक आणि नुकता नोकरीला लागलेला मुलगा. भांडी घासायला मावशी येतात त्या सकाळी एकदाच. रात्रीची भांडी पूर्वी सासूबाई घासायच्या. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती माझ्याकडे आली. संध्याकाळी सातची गाडी पकडून आठला घरी, मग स्वयंपाक, जेवणं आणि साडेदहाला बेसिनपुढे उभी. पाच ताटं, दहा वाट्या, कुकरची भांडी, कढई, दुधाचं पातेलं, चहाची गाळणी, शिवाय ओटा. साडेअकराला हात पुसायचे. हातमोजे घालून बघितले. आत घाम येतो, काचेचा ग्लास सटकतो, आणि पातेल्याच्या तळाला कण राहिलाय की नाही ते कळतच नाही. भांडं स्वच्छ झालं हे आपल्याला डोळ्यांनी नाही, बोटांनी कळतं!

२०२०च्या लॉकडाउनमध्ये मावशी येऊ शकत नव्हत्या, तेव्हा आमच्या ह्यांनी रात्रीची भांडी घासली होती बरं का! अगदी मनापासून, गाणी म्हणत. ऑफिसं सुरू झाली आणि घासणी गुपचूप माझ्याकडे परत आली. कुणी काही ठरवलं नव्हतं. ह्या गोष्टी ठरवून होतच नाहीत.

तर त्या लॉकडाउनमध्येच डिशवॉशर हा शब्द मध्यमवर्गीय घरांत खरा शिरला. तोवर ते सिनेमातल्या किंवा अमेरिकेतल्या नणंदेच्या घरातलं यंत्र होतं. माझा भिशीचा नंबर लागला, हातात ४० हजार आले आणि रात्री जेवताना मी जाहीर केलं, ‘‘मी भांडी घासायचं मशीन घेतेय.’’

‘‘एवढ्याशा स्वयंपाकघरात?’’ हे म्हणाले.

‘‘आणि आपली फोडणीची कढई त्यात निघणार आहे का?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘शिवाय दुधाचं, आमटीचं, सगळं खरकटं एकत्र!’’

खरं सांगू? दोन्ही प्रश्न बिनतोड होते. मला राग आला, तो उत्तर माहीत नव्हतं म्हणून.

त्यातून माझ्या डोळ्यांसमोर कल्याणच्या मैत्रिणीचं मशीन. मोठ्या हौसेनं घेतलेलं, आणि आता त्याच्यावर कांदे-बटाट्यांची टोपली! सुरू केलं की पाणी भरता भरता दिवा लुकलुकायचा आणि मशीन बंद. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, ‘‘मशीनमध्ये फॉल्ट नाही’’ म्हणून सांगून गेला, आणि ते खरंही होतं. दोष होता पाण्याच्या दाबात, पण ते कळेपर्यंत तिचा उत्साहच संपला. तेव्हाच ठरवलं, आधी अभ्यास, मग खरेदी.

अभ्यासाला सुरुवात केली ती टेपनं. आमचं स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट. इंग्रजी एल आकाराचा ओटा, खिडकीजवळ बेसिन, कोपऱ्यात भांड्यांची स्टीलची मांडणी. बाजारात मशीनं तीन मापांची. नेहमीचं मोठं मशीन ६० सेंटीमीटर रुंद, तेवढंच खोल आणि ८५ सेंटीमीटर उंच. दुसरं अरुंद, ४५ सेंटीमीटरचं. तिसरं ओट्यावर ठेवायचं, साधारण ५५ सेंटीमीटर रुंद आणि ५० खोल. विक्रेते बिनधास्त सांगतात, ‘‘ओट्याखाली बसवा, मॅडम!’’ पण आपले ओटे बांधले जातात ते आपल्या उंचीला, बत्तीस-तेहतीस इंचांचे. त्यातून वरचा ग्रॅनाइट आणि त्याच्या खालचा आधार वजा केला की आत उरते जेमतेम ७८ सेंटीमीटर जागा. मशीनचं वरचं झाकण काढलं तरी ते ८१-८२च्या खाली येत नाही. म्हणजे ओटा तोडा! ओट्यावरच्या मशीनचा विचार केला, तर वर भिंतीतली कपाटं आडवी. आठ जणांच्या भांड्यांचं म्हणून जे मशीन मिळतं त्याची उंचीच जवळजवळ ६० सेंटीमीटर, आणि आमच्या ओट्यापासून कपाट बरोबर दोन फुटांवर. बोटभर फट! शिवाय मग पोळ्या लाटायच्या कुठे?

आणि एक गोष्ट टेप लावल्याशिवाय लक्षातच येत नाही. मशीनचा दरवाजा खाली उघडतो. म्हणजे पुढे आणखी दोन फूट जागा मोकळी हवी, आणि ती भांडी लावणारी व्यक्ती उभी राहून, वाकून. मी वर्तमानपत्राचा दोन फुटांचा तुकडा कापून जमिनीवर पसरला आणि आठवडाभर तसाच ठेवला. कोण कुठे अडखळतं ते बघितलं. मोठं मशीन कोपऱ्यात ठेवलं तर त्याचा दरवाजा उघडा असताना फ्रीज उघडत नव्हता. सासूबाईंना देवघराकडे जायला वाट राहत नव्हती. मांडणी काढून त्या जागी ४५ सेंटीमीटरचं मशीन ठेवलं तर मात्र सगळ्यांचं भागत होतं. वर्तमानपत्राच्या त्या तुकड्यानं माझे निदान दहा हजार वाचवले असतील.

मग पाणी. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. कुठे ०.३ बार, कुठे ०.५. हे बार म्हणजे काय ते मला आमच्या प्लंबरनं एका वाक्यात सांगितलं, ‘‘ताई, टाकी नळापासून दहा मीटर उंच असली की एक बार.’’ म्हणजे ०.३ बारला तीन मीटर उंची हवी, ०.५ला पाच. खालच्या मजल्यावरच्यांनी निर्धास्त राहावं. पंचाईत वरच्या मजल्याची. मुलगा गच्चीवर चढला, जिन्याच्या खोलीवर जी टाकी आहे तिच्या तळापासून त्यानं दोरी सोडली आणि आमच्या नळापर्यंतची उंची मोजली. पाच मीटर. त्यात पाइपाची वळणं आणि जुना गंज. म्हणजे ०.५ बार मागणारं मशीन आमच्याकडे कधी चाललं असतं, कधी नसतं. ते यादीतून लगेच बाद.

कल्याणच्या मैत्रिणीचं कोडंही तेव्हाच उलगडलं. त्यांच्याकडे सोसायटी सकाळ-संध्याकाळ तासभर पाणी सोडते, म्हणून स्वयंपाकघरात माळ्यावर छोटी टाकी बसवलेली. मशीनची नळी त्या टाकीच्या नळाला जोडलेली. टाकीचा तळ जमिनीपासून सात फुटांवर, नळ दीड फुटावर. मधे राहिले साडेपाच फूट, पावणेदोन मीटरसुद्धा नाहीत. ०.१७ बार! त्यात मशीन बिचारं काय भरणार? छोटा प्रेशर पंप बसवला असता तरी काम भागलं असतं, पण तीन खेपांत तिला ते कुणी सांगितलं नाही.

पाण्याचा जडपणा हा दुसरा प्रश्न. या मशीनच्या पोटात पाणी मृदू करायची एक कुपी असते, तिच्यात विशिष्ट मणी असतात. पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम ते मणी धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्यानं धुतले की पुन्हा कामाला तयार होतात. म्हणून डिशवॉशरला मीठ लागतं. भांडी खारट करायला नाही! पाणी किती जड आहे त्यावर मशीनचा आकडा लावायचा. इथे एक गंमत सांगते. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे जे मीटर असतं ते पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं, जडपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या आणा. आमचं नदीचं पाणी बऱ्यापैकी मृदू निघालं. पण मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते, त्या पाण्याचा आकडा दुपटीच्या वर गेला. बोअरवेलवाल्यांनी तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. नाहीतर ग्लासांवर पांढरे डाग पडतात आणि आपण साबण बदलत बसतो.

विजेचं काम सोपं पण टाळण्यासारखं नाही. आतला हीटर साधारण दोन हजार वॉटचा असतो. मिक्सरच्या प्लगवर हे चालत नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, त्याला स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नुसतं नावाला होतं, हे या निमित्तानं कळलं. मशीन घेतलं नसतं तरी ते करून घ्यायला हवंच होतं.

आता खरी परीक्षा. दुकानात गेलं की सांगतात, ‘‘हे १३ प्लेस सेटिंगचं, हे ८चं.’’ तेरा म्हणजे तेरा माणसांची भांडी असा आपला समज होतो. ते माप युरोपच्या जेवणाचं. उथळ प्लेट, सूपची प्लेट, छोटी प्लेट, कप-बशी, ग्लास, काटे-चमचे. त्यात ना कढई, ना परात, ना उभ्या काठाचं ताट. म्हणून मी काय केलं, एका शनिवारी दोन मोठ्या कापडी पिशव्या भरल्या. आमचं बारा इंची ताट, दोन वाट्या, कुकरमधलं भांडं, दुधाचं पातेलं, झारा आणि सासूबाईंची फोडणीची स्टीलची कढई. लेक म्हणाली, ‘‘आई, मी तुझ्याबरोबर येणार नाही हं!’’ आली मात्र.

दुकानातल्या मुलानं आधी हसू दाबलं. मी पहिल्या मशीनचा दरवाजा उघडला, ताट खालच्या जाळीत उभं केलं, जाळी आत ढकलली आणि हातानं पंखा फिरवून बघितला. खट! पंखा ताटाला अडकला. पाण्याचा फवारा मारणारा हा पंखा मोकळा फिरला नाही तर वरची भांडी कोरडीच राहतात. ताट तिरकं केलं तर पाच ताटांऐवजी तीनच बसली. दुसऱ्या मशीनमध्ये वरची जाळी उचलून एक खाच वर लावता येत होती. जाळी वर गेली, ताट आरामात उभं राहिलं. खालच्या जाळीतले खुंट आडवे पाडता येत होते, तिथे कढई पालथी बसली. झारा मात्र आडवा ठेवावा लागला. दुकानातला मुलगा आता स्वतःच वाट्या लावून दाखवायला लागला. मग म्हणाला, ‘‘मॅडम, चार वर्षं विकतोय, पण कढई घेऊन कोणी आलं नव्हतं.’’

पुढे वाचनात आलं, की हे यंत्र बनवणाऱ्या बाईनंही नेमकं हेच केलं होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलची जोसेफिन कॉक्रेन. तिच्या उंची चिनी मातीच्या प्लेटा धुताना टवके उडायचे, म्हणून तिनं यंत्राचा ध्यास घेतला. १८८३ साली नवरा वारला, मागे कर्ज ठेवून गेला, आणि मग हौसेचं काम पोटापाण्याचं झालं. तिनं आधी काय केलं असेल, तर आपल्या घरातल्या प्लेटा, कप, बश्या मोजल्या आणि त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे करवून घेतले. ते एका चाकावर बसवले आणि त्यांच्यावर जोरात पाणी सोडलं. १८८६च्या डिसेंबरात तिला पेटंट मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. १८९३च्या शिकागोच्या ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात कॉक्रेनबाईंची यंत्रं मांडलेली होती. घेणारी मात्र मुख्यतः हॉटेलं. घराघरांत ती पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. घरची भांडी घासायला फुकटचे हात होते ना!

असो. मापात दोन मशीनं बसली. दोन्ही अरुंद, आणि अरुंद म्हणजे स्वस्त हा माझा गैरसमज होता. किंमत मोठ्याएवढीच! आता दोनातून भरवशाचं कोणतं?

विक्रेता सांगत होता आठ प्रोग्रॅम, मोबाइलवरून चालतं, आत निळा दिवा. मी म्हटलं, दिव्याचं राहू दे, बिघडलं तर येणार कोण? दोन्ही कंपन्यांच्या सेवा केंद्रांना घेण्याआधीच फोन केला. मुद्दाम शनिवारी दुपारी चारला, कारण मशीन बिघडतं ते नेहमी शनिवारीच. एकीकडे वीस मिनिटं संगीत ऐकलं आणि फोन कटला. दुसरीकडे एका मुलीनं उचलला. पिनकोड विचारला, डोंबिवलीत माणूस आहे म्हणाली. मी विचारलं, पाणी बाहेर टाकायचा पंप बदलायला किती? पाणी आत घेणारी झडप कितीची? आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर? तिनं तिन्ही किमती सांगितल्या. कार्डाची किंमत ऐकून छातीत धस्स झालं, पण निदान कळली तरी. या मशीनमध्ये सहसा जातात त्या याच तीन वस्तू, आणि दोन वर्षांची हमी संपल्यावर त्या आपल्याच खिशातून येतात. मशीन जिला घ्यायचंय तिनं हे प्रश्न विचारावेतच. ज्या कंपनीला उत्तरं देता येतात तिचं मशीन मी भरवशाचं समजते, मग आत दिवा निळा असो की पिवळा.

बिल्डिंगमध्ये वर-खाली चौकशी केली तेव्हा आणखी एक ज्ञान मिळालं. आपल्याकडे ही मशीनं बऱ्याचदा बंद पडतात ती उंदरांमुळे आणि झुरळांमुळे. खालून उंदीर शिरून नळी कुरतडतो, उबेला झुरळं कार्डापाशी जाऊन बसतात. खाली पत्रा किंवा जाळी बसवून घ्यायची, हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मी पुढे ढकलत होते. मावशी.

मावशी चौदा वर्षं येतायत आमच्याकडे. त्यांच्यासमोर टेप लावून मोजमाप चाललेलं, त्यांना काय कळत नव्हतं? एका सकाळी भांडी विसळता विसळता पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘वहिनी, मशीन आलं की माझं काम बंद ना?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मनात तयार केलेलं होतं, पगार कमी करणार नाही, केर-लादी आहेच वगैरे. तेच बोलले. तर म्हणाल्या, ‘‘काम नाही तर पैसे कसले? तसे नको मला.’’ भांडी उपडी घातली आणि निघून गेल्या. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. माझी बोटं बरी व्हायची म्हणून त्यांच्या घरातले महिन्याचे बाराशे रुपये जाणार? आणि त्यांच्या बोटांचं काय, त्या तर पाच घरची घासतात. चौदा वर्षांत मी त्यांचे हात कधी उलटून बघितले होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. ‘‘पोळ्या करू का मग? पलीकडच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी करते मी.’’

मी सासूबाईंकडे बघितलं. मैत्रिणींनो, चौदा वर्षं त्या आमची खरकटी काढत होत्या, आणि पोळपाटाला हात लावाल का, असं आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. का, ते कृपा करून मला विचारू नका. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तिला म्हणावं, पातळ कर. आणि कणीक मी मळून ठेवीन.’’ मोडक्या मनगटानं काय मळणार होत्या, पण ते त्यांचं बोलणं मी तसंच राहू दिलं. पोळ्यांचे पैसे भांड्यांपेक्षा जास्त पडतात. ते मी देते. सकाळचा माझा पाऊण तास वाचतो.

मशीन आलं. मांडणी माळ्यावर गेली. पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला तो मिठाचा. मिठाचा लाल दिवा लागला. मी ऑफिसात, तर सासूबाईंनी घरातलं बारीक मीठ ओतलं, अर्धा किलो! बारीक मीठ त्या कुपीत चिखलासारखं बसतं, शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात जे मिसळतात तेही चालत नाही. डिशवॉशरचं मीठ जाड खड्यांचं आणि निव्वळ मीठ असतं. माणूस बोलवावा लागला, त्यानं मीठ उपसून काढलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मीठ ते मीठ. आमच्या वेळी मशीनला नव्हतं लागत.’’

काही गोष्टी अनुभवानंच कळल्या. ताटं धुऊन लावायची गरज नाही, पण खरकटं नीट काढायलाच हवं. भाताचं शीत, कढीपत्ता आणि मोहरी! आमच्या फोडणीतली मोहरी तळाच्या जाळीत जाऊन बसते. ती जाळी दर दोन-तीन दिवसांनी काढून नळाखाली धुवायची. हे केलं नाही की वास येतो आणि मग मशीनला नावं. करपलेलं पातेलं आधी तासभर भिजवायचं. हळदीनं प्लास्टिकचे डबे पिवळे होतात, ते बाहेरच ठेवायचे. अ‍ॅल्युमिनियम आत घालायचंच नाही, काळंठिक्कर पडतं. आमचा कुकर अ‍ॅल्युमिनियमचा, तो हातानंच. लोखंडी तवा गंजतो. नॉनस्टिक, पोळपाट-लाटणं, कल्हईची भांडी, देवाची पितळी उपकरणी, सगळं बाहेर. म्हणजे भांडी घासणं संपलं असं नाही. पूर्वी तास लागायचा, आता दहा मिनिटं. ती दहा मिनिटं आता मुलगा करतो. कुकर, तवा आणि ओटा. ह्यांच्याकडे मशीन लावायचं काम आहे. ताटं उलटी लावतात, पण मी बोलत नाही.

खर्चाचं म्हणाल तर एका धुण्याला साधारण एक युनिट वीज. पाणी दहा-बारा लिटर. मी एका रात्री हातानं घासताना बादल्या मोजल्या होत्या, ३५ लिटर भरलं होतं. वड्या महाग पडतात, पावडर स्वस्त. दोन्ही मिळून रोजचे पंचवीस-तीस रुपये धरा. वेळ मात्र लागतो. कमी विजेचा प्रोग्रॅम तीन तासांच्या वर चालतो. अकराला लावायचं आणि झोपायचं. आवाज घरघर असा येतो, सासूबाईंना आता त्याशिवाय झोप लागत नाही, असं त्याच सांगतात.

कढई निघते का? साधी फोडणी असेल तर निघते. ७० अंशांच्या कडक प्रोग्रॅमवर पावभाजीसुद्धा निघाली. पण तळणीची कढई, जिच्या काठाला तेलाचा चिकट थर बसतो, ती नाही निघत. सासूबाईंनी ती पहिल्या दिवशीच मुद्दाम आत घातली होती. सकाळी दरवाजा उघडून काठावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं.

माझं म्हणाल तर चिरा भरून यायला अडीच महिने लागले. कपड्यांना लागणारा साबण, फरशी, भाज्या धुणं हे चालूच आहे, त्यामुळे अंगठा अजून पूर्ण बरा नाही. पण मागच्या महिन्यात एकही लेटमार्क नाही. हजेरीच्या यंत्रानं पहिल्या झटक्यात माझं बोट ओळखलं, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींना डॉक्टरांनी दिलेलं तेच मलम मी आणून दिलं. एक घर अजून त्यांनी पोळ्यांचं धरलंय आणि भांड्यांचं सोडलंय.

परवा रविवारी मुलगा दोरी घेऊन कल्याणला जाऊन आला. मैत्रिणीच्या माळ्यावरच्या टाकीला छोटा पंप बसला. मशीन पाण्यानं भरलं, दिवा लुकलुकला नाही. रात्री तिचा फोन आला. आनंदात होती, पण जरा चिंतेतही. विचारत होती, कांदे-बटाटे आता ठेवू कुठे?